टाइट म्हणजे काय काय

प्रिय बारक्या,

तुझं पोट सुटलंय, हे मला लेकीनं मोबाइलवर फोटो दाखवून सांगितलं. पण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शाळेत जाणारा काडीपैलवान होतास, आणि मी तुला बारक्या म्हटलं ते म्हटलं. आता नवं नाव शोधायचं माझं वय नाही. घरोघरी फोन असताना वहिनीला पत्र लिहायची ही कुठली अवदसा आठवली, असं तू म्हणणार. कारण आहे, पण ते शेवटी सांगेन. तोवर मधेच उठू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे. एकदा हातातलं खाली ठेवलंस की ते परत उचलायला तुला फार वेळ लागतो.

आधी तब्येतीचं सांगते. तुझे दादा आता बरे आहेत, म्हणजे अशा झटक्यानंतर जेवढं बरं होता येतं तेवढे. उजवा पाय ओढत का होईना, चालतात. पलंगापासून टेबलापर्यंत काठीनं आणि टेबलापासून खिडकीपर्यंत माझ्या खांद्यानं. उजवा हात मात्र मांडीवर पडलेला असतो, दुसऱ्याच कुणाचा सांभाळायला ठेवल्यासारखा. जेवतात डाव्या हातानं, चमच्यानं. अर्धं सांडतं, पण भरवलेलं चालत नाही. मी चमचा हातात घेतला की तोंड फिरवून बसतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

तू भेटायला आला नाहीस, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. लोक विचारतातच. एवढा सख्खा भाऊ, एका ताटात जेवलेला, एका पान्यानं काम शिकलेला, आणि आला नाही म्हणजे काय? मी म्हणते, कामात आहे. पण खरं काय ते तुला आणि मला ठाऊक आहे. हे शुद्धीवर यायच्या आधी दवाखान्यात काचेपाशी कोण उभं होतं ते मी पाहिलंय. पाठ माझ्याकडे होती, पण कपाळ काचेला टेकवून उभं राहायची तुझी ढब मी विसरेन होय? शाळेचा निकाल लागायचा तेव्हाही तू खिडकीशी असाच उभा असायचास. मी हाक मारणार तेवढ्यात तू जिना उतरून गेलास. त्यानंतर तुझे फोन येतात ते लेकीला. मला नाही. का, तर वहिनी फोन थेट दादाच्या कानाला लावेल ही धास्ती. लावलाच असता. आणि लेकीला तू सांगतोस की मला पाहून दादाचं ब्लडप्रेशर वाढेल. अरे, ते माझं तोंड पाहून रोज वाढतं, त्याला तू कशाला हवास?

असो. तुला बोल लावायला बसलेली नाही मी. मला तुला एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे.

ह्यांची वाचा गेली हे तुला लेकीनं सांगितलंच असेल. पण सगळी गेली नाही. एक शब्द राहिला. पहिले काही दिवस नुसतं टा, टा चाललं होतं. मला वाटलं पाणी हवंय. मग टाय झालं. लेकीला वाटलं बाबा कुणाला तरी टाटा करतायत, आणि ती बाहेर जाऊन रडून आली. मग एके सकाळी नर्स पलंगाची चादर बदलत असताना हे स्वच्छ, खणखणीत म्हणाले, टाइट. आम्ही सगळ्या जणी थबकलो. ह्यांना स्वतःलाच केवढा आनंद झाला. परत म्हणाले, टाइट. आणि तेव्हापासून आजपर्यंत आमच्या घरात, बारक्या, तेवढा एकच शब्द आहे. पाणी हवं, टाइट. नको, टाइट. पंखा बंद कर, टाइट. नमस्कार, या, बसा, टाइट.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई येतात. वयानं लेकीएवढ्या, पण चिकाटी म्हणशील तर घोरपडीची. त्या म्हणाल्या, असं होतं. बाकीची वाट बंद होते, पण जो शब्द तोंडानं आयुष्यभर विचार न करता उच्चारला तो वेगळ्या कप्प्यात असतो, तो वाचतो. कुणाची शिवी वाचते, कुणाची प्रार्थना, कुणाचे आकडे. मी म्हटलं, बाई, ह्यांचा जन्म नटबोल्ट आवळण्यात गेला, तेव्हा टाइट वाचला यात नवल नाही. पण खोटं कशाला बोलू, मला लागलं. एवढा संसार केला, आणि माझ्या नावाचं एक अक्षर वाचू नये? मग स्वयंपाकघरात भांडी घासताना आठवलं की ह्यांनी मला नावानं हाक मारलीच कधी होती? अगं, नाहीतर ऐकलंस का. तेही वाचलं नाही, ते सोड. पण जे कधी ठेवलंच नाही ते गेलं म्हणून कुणाशी भांडायचं?

दवाखान्यातला एक किस्सा सांगते, म्हणजे तुला कल्पना येईल. मोठे डॉक्टर फेरीवर आले. मागे शिकाऊ डॉक्टरांची वरात. त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं, काका, कसं वाटतंय? हे म्हणाले, टाइट. डॉक्टर एकदम गंभीर. छातीत टाइट वाटतंय? हे आणखी जोरात, टाइट! झालं. धावाधाव. छातीला वायरी लावल्या, कागदावर रेघोट्या आल्या, एकीनं मला बाहेर काढलं. रेघोट्या अगदी व्यवस्थित निघाल्या. मग मी आत आले तर हे पलंगाच्या दांडीकडे बोट करतायत आणि चेहऱ्यावर केवढं समाधान. पाहते तर काय, दांडीचा जो नट पहिल्या दिवसापासून खुळखुळत होता तो ह्यांनी पडल्या पडल्या डाव्या हाताच्या बोटांनी आवळून ठेवला होता. डॉक्टरांना तेवढंच सांगत होते बिचारे. मी तोंड दाबून हसले, आणि मग हसू थांबेना.

घरी आल्यावर लेकीनं ठरवलं की आपण हा शब्द नीट शिकून घेऊ. तिनं डिक्शनरी उघडली. मला स्पेलिंग लिहून दाखवलं. तुला माझं इंग्रजी माहीत आहे, दुकानाच्या पाट्यांपुरतं. मी अक्षर अक्षर जोडून वाचलं, टिघ्ट. लेक हसून हसून लोळली. मी विचारलं, मग मधले हे जी आणि एच कशाला? तर म्हणे ते नुसते लिहायचे, बोलायचे नाहीत. म्हणजे कचेरीत असतात तसे, खुर्ची अडवून बसलेले, काम शून्य. आणि अर्थ तरी किती! घट्ट हा एक. मग तंग. मग अपुरा, वेळ टाइट असतो तसा. चिक्कू माणूसही टाइट, प्यालेला माणूसही टाइट, आणि अगदी जवळचे, घट्ट मैत्रीतले, तेही टाइट. मी म्हटलं, इंग्रजांची मोठी ओढाताण दिसते, एवढ्याशा शब्दाला एवढी कामं. मग माझं मलाच हसू आलं. आमच्या घरात त्याला याच्या दसपट कामं आहेत, आणि आम्ही तर इंग्रजही नाही.

बाईंनी उच्चारापासून सुरुवात केली. इंग्रजीतला ट म्हणे आपल्याएवढा मागे नाही, जीभ वरच्या दातांच्या जरा मागे टेकवायची. जीभ उचला, टाळूला लावा, सोडा. उचला, लावा, सोडा. मी जन्मभर लोकांना टोमणा मारला की उचलली जीभ लावली टाळ्याला, जणू त्यात काही कष्टच नाहीत. आता ह्यांच्या कपाळावर घाम बघते तेव्हा कळतं. टाइटच्या बोटाला धरून टाळी, टाकी, ताट, ताई असं पुढे जायचा बाईंचा बेत आहे. हे ऐकतात, ओठ बघतात, मान डोलावतात, आणि सगळा जोर लावून म्हणतात, टाइट. बाई चिडत नाहीत. मीच चिडते. एकदा मी म्हटलं, अहो, एकदा तरी ढिलं म्हणा! तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आईवरून शिवी दिली.

पण बारक्या, उच्चाराचं शिक्षण खरं झालं ते माझं. एका शब्दात किती आवाज असतात ते मला आता कळलं. आखूड आणि कडक असला तर नको. शेवटी वर चढवला तर विचारतायत, तू जेवलीस का. दोनदा भराभर म्हटला तर बाथरूम, आणि तिथे विचार करत उभं राहायचं नाही. नाकातून आला तर चहा पाणचट झालाय. खालच्या पट्टीत, लांबवून आला की पाय दुखतायत. आणि लेक बाहेरून यायला उशीर झाला की खिडकीपाशी बसून एक येतो तो अगदी बारीक, त्यात ‘ट’चा आवाज जेमतेम. पूर्वी हे उशिरा येणाऱ्या लेकीवर ओरडायचे. तेव्हा मला कधी कळलं नव्हतं की त्या ओरडण्याच्या आत हे असं काही होतं. आता शेजारीपाजारी कुणी आलं की मी दुभाषी. ह्यांनी टाइट म्हणायचं आणि मी सांगायचं की हे विचारतायत, तुमच्या मुलाचं नोकरीचं झालं का. लोकांना वाटतं मी मनचं सांगते. पण एकदा चुकीचं सांगितलं होतं, तर ह्यांनी काठी आपटली.

सगळे आवाज लागले, एक सोडून. त्याचंच सांगायचं आहे.

संध्याकाळी मी ह्यांना टेबलाशी बसवते, ह्यांच्या नेहमीच्या जागी. समोर तुझी खुर्ची. तुझी म्हणजे तू बसायचास ती. तू गेल्यावर तिथे बसू नका असं कुणी म्हटलं नव्हतं, पण बसतही नाही कुणी. आम्ही तिच्यावर वाळलेले कपडे टाकतो, घडी करायचे. तर हे बसले की डावा हात पुढे करतात, टेबलाच्या कडेला अंगठा आणि बोट लावतात, थोडंसं फिरवतात, आणि म्हणतात, टाइट. मोठ्यानं नाही, हळू नाही. जसं काम करताना माणूस बोलतो तसं. आणि मग थांबतात. मान जरा कलती, नजर समोर. बराच वेळ. मग हात मागे घेतात. थोड्या वेळानं पुन्हा. रोज.

मी काय काय केलं म्हणून सांगू! आधी वाटलं टेबल हलतंय, पायाखाली पुठ्ठा घातला. मग वाटलं समोर कपड्यांचा ढीग बघून त्रास होतोय, खुर्ची मोकळी केली. खिडकीची कडी बघितली, नळ बघितला, झाकणांच्या बरण्या एकेक करून समोर आणून ठेवल्या. बरण्या ह्यांनी हातानं बाजूला सारल्या. बाई म्हणाल्या, सराव करत असतील. लेक म्हणाली, आई, सगळ्याला अर्थ असलाच पाहिजे असं नाही. पण माझ्या मनाला पटेना. बाकी वेळी टाइट म्हटल्यावर हे माझ्याकडे बघतात, मला कळलं की नाही ते तपासायला. या वेळी माझ्याकडे बघतच नाहीत. आणि बोलून झाल्यावर कान देतात. बोलणारा माणूस कान का देईल?

आता मला त्या गनचं बोलावं लागेल. या घरात तिचं नाव काढायची इतकी वर्षं चोरी आहे, पण पत्रात कुणाची भीती! तू ती हवेवर चालणारी, बोल्ट आवळायची गन आणलीस तेव्हा किती खुशीत होतास ते मला आठवतं. मला खाली वर्कशॉपमध्ये बोलावून दाखवलीस. ट्रर्र केलं की बोल्ट बसला. बिस्किटांच्या कारखान्यातल्या मोठ्या टाकीचं झाकण तू तिनं एकट्यानं बसवलंस, निम्म्याहून कमी वेळात. तुझे दादा पाहायला आले. टाकीभोवती फिरले. आणि मग पाना मागवून तू बसवलेला एकेक बोल्ट त्यांनी उलटा फिरवून काढला, मॅनेजरांसमोर, कामगारांसमोर. आणि तुला म्हणाले, "आता माणसासारखं बसव." तू पान्याला हातही लावला नाहीस. तिथूनच गेलास तो गेलास. तुमच्या दोघांत मी पडले नाही. तू तरुण, तुझा अपमान झाला होता, चारचौघांत झाला होता, आणि चूक ह्यांची होती. तेव्हाही मी ह्यांना तसं तोंडावर सांगितलं होतं.

कारण झाकण गळत नव्हतं. आपल्या वर्कशॉपमधले जुने कारागीर, मामा, त्यांनी मला नंतर सांगितलं. टाकीत पाणी भरून पाहिलं होतं, एक थेंब बाहेर नव्हता. ह्यांनाही ते दिसलं होतं. मग काढलं कशाला? फक्त त्या दिवशी घरी आल्यावर बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाले होते, "एकट्याचं काम झालं, तर दुसऱ्यानं काय करायचं?" मला वाटलं धंद्याचं बोलतायत, यंत्रं आली की माणसं बसून राहतील वगैरे. मी म्हटलं, पेपर वाचायचा. हे हसले नाहीत. नाडीला गाठ बसली होती, ती सोडवत बसले. पुढे तू तिकडे स्वतःचं वर्कशॉप काढलंस, तुझं छान चाललं, आणि इथे कुणी तुझं नाव काढलं की हे उठून हात धुवायला जायचे. हात स्वच्छ असले तरी.

आता मागच्या आठवड्याचं ऐक. ह्यांना घरात कोंडल्यासारखं होतं म्हणून खुर्चीत बसवून खाली वर्कशॉपच्या दाराशी आणलं. आत मामा आणि तो लंबू कारागीर एका टाकीचं झाकण बसवत होते, आपल्या जुन्या पद्धतीनं, हातानं. मी चहा घेऊन गेले. मामा अलीकडे, लंबू टाकीच्या पलीकडे, एकमेकांना न दिसणारे. मामांनी बोल्टाला थोडा फेरा दिला आणि म्हणाले, टाइट. आणि थांबले. पलीकडून आवाज आला, टाइट. मग मामा पुढच्या बोल्टाकडे गेले. थोडा फेरा. टाइट. थांबले. पलीकडून, टाइट. मी चहाचे कप तिथेच खाली ठेवले. अरे, हा आवाज मी जन्मभर ऐकला! वर स्वयंपाक करताना फरशीखालून यायचा, एक ह्यांचा जाडा, एक तुझा कोवळा, मग तुझाही जाडा झाला. दिवसभर, एकामागून एक. मला तो ऐकू येईनासाच झाला होता, घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही तसा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

मामांना मी विचारलं, हे असं का करता. त्यांना प्रश्नच वेडगळ वाटला. म्हणाले, एकच बाजू आवळत गेलं तर झाकण तिरकं बसतं, मग कितीही जोर लावा, गळतं ते गळतंच. म्हणून एकानं थोडं आवळायचं, बरोब्बर समोरच्यानं तेवढंच आवळायचं. पलीकडचा दिसत नाही, म्हणून हाक. मी म्हटलं, आणि पलीकडून हाक आलीच नाही तर? मामा म्हणाले, "तर थांबायचं, वहिनी. त्याची बाजू झाल्याशिवाय आपल्या पान्याला हात लावायचा नाही. हे मोठ्या भाऊंनीच शिकवलंय." आणि मी वळून पाहिलं तर मोठे भाऊ दाराशी खुर्चीत बसलेले, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर, आणि प्रत्येक हाकेला त्यांचे ओठ हलत होते.

त्या दिवशी संध्याकाळी मी एक वेडेपणा केला. ह्यांना टेबलाशी बसवलं आणि स्वतः तुझ्या खुर्चीत जाऊन बसले. ह्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला, फेरा दिला, म्हणाले, टाइट. आणि थांबले. मी माझ्या बाजूला अंगठा लावला, फिरवला, आणि जमेल तेवढा जाड आवाज काढून म्हटलं, टाइट. बारक्या, ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. झटक्यानंतर असं पहिल्यांदा हसले. मीही हसले. मग त्यांनी हात लांब करून माझ्या हातावर थोपटलं, पोराला थोपटतात तसं. आणि पुन्हा टेबलाच्या कडेला बोटं लावली, फेरा दिला, टाइट म्हणाले, आणि माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत थांबले. मी उठले. ती खुर्ची माझी नव्हती.

म्हणून हे पत्र. फोनवर तू, बघतो वहिनी, असं म्हणाला असतास आणि मी ते खरं मानलं असतं. बुटाची नाडी सोडताना हे काय म्हणाले होते ते आता तूच एकदा वाचून बघ. ह्यांना गनचा राग नव्हता रे. तिच्यामुळे समोर कुणी लागत नव्हतं, आणि ह्यांच्या समोर नेहमी तू असायचास. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी लावलेला अर्थ आहे, पण हल्ली माझे अर्थ सहसा चुकत नाहीत. माफी मागायला येऊ नकोस, ह्यांनाही ती मागता येणार नाही, शब्दच नाही. फळं आणू नकोस, घरात सडतायत. ब्लडप्रेशरची काळजी मी करीन. गन आणायची असेल तर तीही आण. फक्त संध्याकाळच्या आत ये. तुझी खुर्ची मोकळी केली आहे, कपडे आता पलंगावर टाकतो. तिच्यावर बस आणि हे बोलले की तुझ्या बाजूला बोट लावून तेवढंच एक बोल, तुझ्या आवाजात. ह्यांनी आपली बाजू केव्हाच आवळून घेतली आहे, बारक्या. रोज घेतात, आणि थांबतात.

तुझीच,
वहिनी